भिकुअक्काची उष्णता

धुळ्याला देवपुरात आमच्या घराला लागून जी भिंत आहे, तिच्या पलीकडे भिकुबाई राहते. गल्ली तिला अक्का म्हणते, मीही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापला, त्याला या महिन्यात सात महिने होतील. कशाने गेला असं कोणी विचारलं तर ती म्हणते, चुलीच्या विटेने. तिचा मुलगा प्रेमराज म्हणतो, साखरेने. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण तो पाय वीट लागण्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष रात्रीचा थोडा थोडा जात होता, आणि ते ऐकू येण्याइतक्या अंतरावर आम्ही राहत होतो. म्हणून हे लिहिते आहे.

अक्का मांडे करायची. आमच्या खानदेशात लग्नाला मांडे नसले तर मुलीकडच्यांना ते पुढे कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागतं. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक, तिच्यात पुरण भरायचं, आणि तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. पातळ होऊन पलीकडचं दिसू लागलं की चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. नवरा गेला तेव्हा प्रेमराज नऊ वर्षांचा होता. त्याला या खापरानेच वाढवला, शिकवला, टायरच्या दुकानात लावून दिला, त्याचं लग्न केलं. अक्काच्या हाताखाली तिची सून हेमांगी, मागच्या गल्लीतली सुमनबाई आणि लागतील तशा आणखी दोघी. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली की खापरं गवतात बांधून पिकअपमध्ये चढायची आणि या बायका साक्री, पिंपळनेर, शिरपूर, कधी पार भुसावळच्या पुढे वरणगावपर्यंत जाऊन यायच्या.

रात्रीचं सुरू झालं ते गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत. त्यांचा संडास मागच्या अंगणात, आमच्या भिंतीला लागून. त्याला पत्र्याचं दार होतं. ते उघडताना करकरायचं आणि लावताना आपटायचं. आधी रात्रीतून एकदा वाजायचं, मग दोनदा, मग मी कूस बदलली की वाजायचंच. एके सकाळी नळावर मी तिला विचारलं, "अक्का, रात्री पोट बिघडलं होतं का?"

"नही वं माय. पानी पेस ना मी, मंग जानं पडस."

"एवढं पाणी, आणि तेही थंडीत?"

"चुल्हाम्होरे बठनारी बाई शे मी. दिनभर आंगमा आग भरी जास. रातले ती निंघस." आणि हसून पुढे म्हणाली, "तू बीएस्सीबाई. तुना गॅस शे. तुले काय समजाडू?"

गल्लीतल्या सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं, ते सांगताना आता जड जातं. तीस वर्षं लाकडाच्या जाळासमोर बसलेल्या बाईच्या अंगात उष्णता साठणार नाही तर काय होणार. तिला रात्री घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची, तर ती उष्णता. उशाशी आधी तांब्या असायचा, मग कळशी आली. तीही पहाटेपर्यंत रिकामी. पायांच्या तळव्यांची रात्री आग व्हायची, निखाऱ्यावरून चालल्यासारखी. चादरीचा काठ लागला तरी सहन व्हायचा नाही. दिवसा काही नाही, बरं का. दिवसा ती धडधाकट. पाठ टेकली की पाय पेटायचे. मग हेमांगी काशाच्या वाटीने तूप चोळत बसायची, आणि ती उठून गेली की अक्का भिंतीकडे पाय करून तळवे गार भिंतीला लावून झोपायची. तीही उष्णताच.

आणि उष्णतेवर उपाय काय, तर थंड. थंड म्हणजे गोड. गल्लीने अक्काला जीव लावला होता, म्हणून गल्लीने तिला गोड पाजलं. कोणी बडीशेपेचं सरबत दिलं, कोणी खडीसाखरेची पुडी. प्रेमराज दुकानातून येताना उसाचा रस पिशवीत बांधून आणायचा. माझ्या गच्चीवर गावठी गुलाबाची आठ झाडं आहेत. मी गुलकंद केला, काचेच्या बरणीत भरला आणि सांगितलं, "अक्का, रोज रात्री झोपताना दुधातून दोन चमचे." बरणी संपली की ती धुऊन पुसून परत यायची, आणि मी ती पुन्हा भरून द्यायचे.

त्यांच्या मोरीत मुंग्या व्हायला लागल्या. लाल मुंग्यांची अशी रांग की हेमांगी गरम पाणी ओतून थकली. रात्री अक्काला अंगणात जायचा कंटाळा आला की ती मोरीतच बसायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मांडेवालीच्या घरात मुंग्यांचं कोणाला नवल वाटणार? लुगड्याच्या पदराला पुरण, नखांत गूळ, पिशवीत गुळाच्या ढेपेचा चुरा. हेमांगी म्हणाली, "आई दारात नुसत्या उभ्या राहिल्या तरी मुंग्या येतात." आम्ही हसलो. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला परीक्षानळीत निळं द्रावण तापवून लघवीतली साखर विटकरी रंगावर ओळखलेली बाई. मी तिला मुंग्यांचा खडू आणून दिला.

पुढच्या दिवाळीपर्यंत अक्का निम्मी झाली. पोलक्यांना दोन्हीकडून टिपा घालाव्या लागल्या. बायका म्हणायच्या, "अक्का, या वयात बारीक झालीस, नशीबवान आहेस." रात्री दोन वाजता उठून ती डब्यातली शिळी पोळी दूध-गुळात कुस्करून खायची आणि तरी सकाळी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सुमनबाई तिची थट्टा करायची. "रातले कोनले खावाडस व तू? आंगले तं लागस नही." अक्का तिच्या पाठीत धपाटा घालायची.

मग पौष आला आणि दोन गोष्टी एकदमच झाल्या. एक म्हणजे आमच्या ह्यांनी प्रेमराजला सांगितलं, भाऊ, ते दार रात्रभर झोपू देत नाही, त्याचं काहीतरी कर. मीही मान हलवली होती. प्रेमराज भला माणूस. त्याने आठ दिवसांत पत्र्याचं दार काढून प्लास्टिकचं बसवलं. ते उघडलेलं कळत नाही, लावलेलं कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अक्काच्या पायांची आग थांबली. हेमांगीची वाटी फडताळात गेली. अक्का मला म्हणाली, "तुना गुलकंदनी काम करं बरं. आते पाय बर्फ शे, बर्फ."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. रात्री दार वाजत नव्हतं, म्हणजे अक्का उठत नव्हती, असं मी धरून चालले. आणखी दोन बरण्या केल्या.

पाय बर्फ झाल्याच्या खुणा दिसत होत्या, पण त्या गमतीच्या म्हणून सांगितल्या जायच्या. माघात एका लग्नाहून येताना अक्का मांडवापासून पिकअपपर्यंत एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी अशी चालत आली, आणि हेमांगीने दाखवेपर्यंत तिला पत्ता नव्हता. सुमनबाईने ही गोष्ट गल्लीभर सांगितली. हातांचंही तसंच. पूर्वी मांडा खापरावर टाकला की अक्का बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवायची. त्या वर्षी तिने वाटी ठेवणंच सोडलं. लग्नघरच्या बायका जमून बघायच्या. अक्काचे हात भाजत नाहीत, तिच्या हाताला देवीचा गुण आहे असं कोणी म्हणालं. अक्कालाही ते आवडत होतं.

चैत्रात पिंपळनेरला लग्न होतं. तिथलं मला हेमांगीने सांगितलं. विटांच्या तीन चुली मांडलेल्या, मधल्या चुलीवर अक्का. एक गुडघा उभा, उजवा पाय मुडपून चुलीकडे. दुपारी बाराचा सुमार, पंगती बसायच्या होत्या, चौघी खाली मान घालून कामात. सुमनबाई म्हणाली, "काय जळतंय? केस जळल्यासारखा वास येतोय." सगळ्यांनी आपापले पदर पाहिले. मग हेमांगीला दिसलं. अक्काच्या पायाची करंगळीकडची कड विटेला टेकली होती आणि तिथून बारीक धूर निघत होता.

"आई, पाय," हेमांगी म्हणाली.

"कोना पाय?" अक्काने विचारलं. हातावरचा मांडा तसाच पसरवत होती.

"तुमचा."

अक्काने खाली पाहिलं. पाय बाजूला घेतला, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि मांडा खापरावर टाकला. पिठाचे दोन डबे अजून बाकी होते. ते संपेपर्यंत ती उठली नाही.

घरी आल्यावर हळद, खोबरेल आणि जुन्या लुगड्याची पट्टी. मी विचारलं की म्हणायची, "दुखस नही." दुखत नाही म्हणजे भरत आलं, असं तीही समजली आणि आम्हीही.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं ते ज्या वेळी सोडतील त्या वेळी, आणि मग माणसाने उठायचं. त्या वैशाखात एका रात्री एक वाजता पाणी आलं. मी मागच्या अंगणात टाकी भरायला पाइप लावून पायरीवर बसले. दोन्ही अंगणांच्या मधली भिंत तिथे कमरेएवढीच आहे. थोड्या वेळाने अक्का आली. प्लास्टिकचं दार उघडलं, लागलं, ती परत गेली. मला दिसली म्हणून कळलं. आवाज कसलाच झाला नव्हता. मी म्हटलं, होतं एखादे वेळी. पाऊण तासाने ती पुन्हा आली. मग पुन्हा. टाकी आणि ड्रम भरून होईपर्यंत, म्हणजे तीन तासांत, अक्का चार वेळा आली. चौथ्यांदा आली तेव्हा तिला मी दिसले.

"पाइप दे व माय इकडे," ती म्हणाली.

मला वाटलं पाय धुवायला मागते आहे. तिने पाइप तोंडाला लावला. उभ्याने, डोळे मिटून, घटाघटा. मी मनात मोजत गेले आणि मग मोजणं सोडलं. पाणी तिच्या हनुवटीवरून लुगड्यावर, पायावर गळत होतं. पट्टी भिजून सुटली होती. मी मोबाइलचा उजेड टाकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं होतं. मळकं नव्हे, वांगं जळून पडतं तसं काळं. ती त्याच पायावर सगळा भार देऊन उभी होती, आणि पाणी पीत होती.

तिथे उभ्या उभ्या मला ते सगळं एकापाठोपाठ आठवत गेलं. दार, कळशी, शिळी पोळी, बांगड्या, चप्पल. मुंग्यांपाशी आले आणि पायरीवर बसले.

"काय वं, चक्कर उनी का?" अक्काने मलाच विचारलं.

सकाळी हे गाडी काढून तयार होते. अक्का यायला तयार नव्हती. "पाय दुखस नही तं डॉक्टरले काय दखाडू?" प्रेमराजने तिला उचलूनच बसवलं. डॉक्टर वयाने लहान होता, पण निवांत विचारणारा. बोटातून रक्त घेतलं, यंत्रावर आकडा आला चारशे अडतीस. त्याने तो प्रेमराजला दाखवला आणि अक्काला विचारलं, "आजी, रात्री किती वेळा उठता?"

"एकदाव, दोनदाव."

"तीन तासांत चार वेळा," मी म्हटलं. "काल मी पाहिलंय."

"आणि पायांची आग?"

"ती थांबनी. पौषमा. गुलकंदवर."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं कागदावर लिहिलं. मग त्याने तिला समजेल असं सांगितलं. रक्तात साखर एवढी झाली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं. तिच्याबरोबर पाणी जातं. म्हणून रात्री उठायचं, म्हणून तहान. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून भूक आणि म्हणून बारीक होणं. साखरेने नसा खराब होतात. खराब होत असताना त्या रात्री आग करतात. पार मेल्या की आग थांबते. "तुमची आग थांबली तेव्हा तुम्ही बऱ्या नव्हत्या झाल्या, आजी. तेव्हा पाय कळवायचा बंद झाला."

मग बाजूला घेऊन आम्हाला आणि परत वळून तिलाही त्याने सरळ सांगितलं. आज भरती झाल्या, दोन बोटं काढली, इन्सुलिन सुरू केलं, तर पाय राहील. आठवडा घालवला तर पायाचं मी काही सांगत नाही.

अक्का म्हणाली, "जो पाय दुखस नही, तो कापतस कसा?" आणि चप्पल शोधायला लागली.

पाच दिवसांवर वरणगावचं लग्न होतं. चारशे पानं. नवरीच्या आईच्या लग्नातही मांडे अक्काचेच होते, आणि ते घर तिच्या माहेरच्या भाऊबंदांतलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जे झालं ते मी भिंतीअलीकडून ऐकलं, आणि मग न राहवून तिकडे गेले.

प्रेमराज म्हणत होता, "मी जाऊन सांगून येतो. दुसरी मांडेवाली बघा म्हणतो."

"पाच दिनमा कोन भेटस? आनि काय सांगशी? तुनी माय मरनी म्हनी सांगशी?"

"पाय जाईल, आई."

"सबद दिधा शे मी. लगीन व्हई जाऊ दे, मंग देखसू."

मी म्हटलं, "अक्का, सुमनबाई नेईल ना निभावून."

"सुमन?" अक्का म्हणाली. "तिना मांडा धोतर शे. जाड." त्या परिस्थितीतही हेमांगीने पदर तोंडाला लावला.

शेवटी ठरलं असं की डॉक्टरने दिलेल्या गोळ्या रोज घ्यायच्या, पट्टी रोज बदलायची आणि लग्नाला जायचं की नाही ते तिसऱ्या दिवशी बघायचं. मला वाटलं, तोवर आपण तिचं मन वळवू. पण झालं उलटंच. गोळ्या लागू पडल्या. तिसऱ्या रात्री ती दोनदाच उठली. तहान उतरली. सकाळी भिंतीवरून हाक मारून म्हणाली, "दख बीएस्सीबाई, उतार पडना. दोनदाव उठनी फक्त." मी तिला परोपरीने सांगितलं की रात्र सुधारली म्हणजे बोट सुधारलं असं नाही, ते काळं ते काळंच आहे. तिने ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी पहाटे पिकअप आली आणि गेली. हेमांगी बरोबर होती. मी नंतर तिला रागाने विचारलं, तू अडवलं का नाहीस? ती म्हणाली, "काकू, मी दहा वर्षांत त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी एकदम कसं म्हणायचं होतं?"

वरणगावला चारशे पानं नीट उठली. मांडे कमी पडले नाहीत. लग्नघराने अक्काला लुगडं नेसवलं, पाया पडले. परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे तिला हुडहुडी भरली. घरी आणली तेव्हा ती प्रेमराजला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत होती, "चुडामण, दार लाव." तशीच दवाखान्यात नेली. पट्टी काढली तसा तिथला पोरगा दोन पावलं मागे सरला. काळं घोट्याच्या वर चढलं होतं. कागदावर सही प्रेमराजने केली. सही करताना तो म्हणाला, "गुडघा तरी ठेवा." डॉक्टरने गुडघा ठेवला.

एकवीस दिवसांनी अक्का घरी आली. पोटात इन्सुलिनची सुई हेमांगी देते. तिची खाट आता पुढच्या खोलीत, संडासापासून लांब, म्हणून खाटेखाली भांडं ठेवलेलं. पहिल्या सकाळी मी गेले तेव्हा ती उठून बसलेली, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मला वाटलं, रडली आहे.

"काय झालं, अक्का?"

"रातले मी उठनीच नही." ती खाटेखालच्या कोरड्या भांड्याकडे बघत होती. "एकदाव बी नही. दिवा मालवा तव्हय डोळा लागना, तो आते उघडना." मग माझ्याकडे वळून, "बठ्ठा लोके असाच झोपतस का वं?"

मी म्हटलं, हो, सगळे असेच झोपतात.

"माले वाटे, वय व्हयनं म्हनी." एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. गेलेल्या पायासाठी तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी ती रडली.

पावसाळा असाच गेला. तिला कुबड्या दिल्या आहेत, पण ती त्या फारशा घेत नाही. चुलीपाशी बसायची डॉक्टरने बंदी केली, कारण हातांची बोटंही पायाच्याच वाटेने निघाली आहेत. डोळ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी. दिवसभर खाटेवर बसून ती हेमांगीला मांडा कसा झेलायचा ते सांगते, आणि हेमांगीचा मांडा फाटला की स्वतःचे हात हवेत हलवते.

तुळशीचं लग्न झालं आणि मांड्यांची बोलावणी परत यायला लागली. एके दुपारी मी तिथे शेंगा निवडत बसले होते, तेव्हा सुमनबाई आली. पाण्याची बाटली तिच्या हातात असतेच. शिरपूरचं काम आलं होतं आणि तिला अक्काची खापरं हवी होती. अक्काची खापरं वर्षानुवर्षं तावून निघालेली. नव्या खापरावर मांडा चिकटतो.

"तीनही लई जास," सुमनबाई म्हणाली. "टेम्पो उना शे."

अक्का म्हणाली, "रातले कितला येळा उठस तू?"

"माले काय व्हयनं? एखादाव."

"दवाखानामा तू मनाजोडे झोपनी व्हतीस. तीन येळा उठनी. मी जागी व्हती, मी मोजं."

"डास व्हतात तठे."

"डास चावस तं मानूस पानी पेस का? मना जगमधलं बठ्ठं पानी तू पीनी."

सुमनबाईने बाटली मागे नेली. "अक्का, मी गोड बी खास नही. माले काही नही." आणि ती खापरांच्या कोपऱ्याकडे वळली.

अक्काने मांडीवरची चादर बाजूला केली. तिथे आहे ते आहे. सुमनबाईने ते दवाखान्यात पट्टीत पाहिलं होतं, उघडं नव्हतं पाहिलं. ती तिथेच थांबली.

"साखर तपाशी ये," अक्का म्हणाली. "रिपोर्ट लई ये, मंग खापर लई जाय."

"म्हंजे काम माले देवानं नही, असं सांग ना सरळ." सुमनबाईचा आवाज चढला. "तुना गया म्हनी बठ्ठास्ना जाई का?"

हेमांगी मध्ये पडायला लागली, तर अक्काने हात वर करून तिला थांबवलं. सुमनबाई दारातून निघून गेली. बाहेर टेम्पो थोडा वेळ घरघरत उभा होता, मग तोही गेला.

"आई, ती दुसऱ्या कोणाची खापरं घेईल," हेमांगी म्हणाली. "आपलं कामही जाईल आणि तीही जाईल."

"लेवू दे," अक्का म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि सुई दिल्यावर न जेवून चालत नाही म्हणून हेमांगीला तिच्याशी भांडावं लागलं. दुसऱ्या दिवशीही सुमनबाई आली नाही. गल्लीत कुठूनतरी कळलं की ती मोहाडीला कोणाकडे तरी खापरं बघायला गेली होती.

तिसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मी इन्सुलिनच्या नव्या सुया द्यायला गेले होते. हेमांगीचा फोन वाजला. तिने नाव बघून तो अक्कासमोर धरला आणि आवाज मोठा केला.

पलीकडून सुमनबाई, घुश्शातच, "सकाळी उपाशी पोटे या म्हनतस ते लॅबवाला. उपाशी म्हंजे चहा बी नही का?"

"चहा बी नही," अक्का म्हणाली.

"कोरा?"

"कोरा बी नही. पानी पी."